हात लावायचा नाही, तर त्याला पुस्तक कशाला म्हणायचं?

जुजबंदी (धागाकर्ती)

परवा एका कला महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनाला जाऊन आले. नाव लिहीत नाही, मुलांनी जीव ओतून काम केलंय, उगाच कुणाला टोचायला नको. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना 'निसर्ग' विषय देऊन हाताने पुस्तकं करायला लावली होती. वीसेक पुस्तकं असतील. सगळी काचेच्या पेट्यांत, आणि प्रत्येकीपुढे एकच पाटी : कृपया हात लावू नये.

माझे वडील बाइंडर. अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बोळात चाळीस वर्षं त्यांनी फर्मे मोडले, म्हणजे छापील तावांच्या घड्या घातल्या, त्या घड्यांची जुजं शिवली, खळ शिजवली. आमच्या घरी अभ्यासाआधी कागदाची घडी शिकवली जायची. त्यामुळे पुस्तक म्हणजे माझ्या लेखी मांडीवर घ्यायची वस्तू आहे. वजन कळायला हवं, पान उलटताना आवाज यायला हवा, मधोमध उघडलं तर उघडं राहायला हवं.

तिथे काय होतं? पिंपळाच्या जाळीच्या पानांचं एक पुस्तक, दिसायला अप्रतिम, पण उलटायला गेलात तर चुरा होईल. एक खारफुटीच्या चिखलात बुडवून वाळवलेलं, पानं एकमेकांना चिकटलेली. एक निळ्या ठशांचं, सायनोटाइपचं, आणि त्यात कुरडूच्या तुऱ्याखाली लिहिलंय 'वाइल्डफ्लॉवर नंबर ४'. अरे, कुरडू आहे तो! पावसाळ्यात याच्या कोवळ्या पाल्याची भाजी करतात. आणि एक 'कारवी' नावाचं : सात पानं कोरी, आठवं जांभळं. किंमत साडेसहा हजार रुपये. खोटं कशाला बोलू, मला हसू आलं.

माझं म्हणणं एवढंच, की ही शिल्पं आहेत. चांगली असतील, वाईट असतील, पण पुस्तकं नाहीत. आणि पुस्तकं करायची तर आधी पुस्तक बांधायला शिकवा. निम्म्यांचे पुठ्ठे वाकले होते. ताजी पानं फेविकॉलने चिकटवलेली, ती आत्ताच तपकिरी पडायला लागलीयेत. एक पावसाळा जाऊ द्या, बुरशी आणि कसर मिळून उरलेलं प्रदर्शन भरवतील.

तिरका_ब्रश

बांधणी शिकवायचा मुद्दा सोडून बाकी सगळं अमान्य.

पुस्तक म्हणजे फक्त वाचायची वस्तू, हे कुणी ठरवलं? कारवीचंच घ्या. सह्याद्रीत कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच, अख्खा डोंगर मिळून फुलते, बी धरते आणि वाळून जाते. ही वाट बघणं भिंतीवरच्या चित्रात कसं दाखवणार? फ्रेममध्ये सगळं एकदम दिसतं. पुस्तकात एक पान उलटल्याशिवाय पुढचं दिसत नाही, म्हणजे वेळ हाच त्याचा मालमसाला. सात कोरी पानं उलटताना तुम्ही जरा वैतागता, आणि आठव्याला जांभळं दिसतं. मला तर कल्पना ऐकूनच आवडली. तुम्हाला हसू आलं, यात त्या पोराचा काय दोष?

जुजबंदी

तिरका_ब्रश, कल्पना मलाही आता कळली, आभार. पण मला उलटू कुठे दिलं? आठवं पान उघडून ठेवलं होतं काचेत! वाट बघितली कुणी? मी पेटीसमोर उभी राहिले आणि थेट फूल बघितलं. सात कोरी पानं आहेत हे माहितीच्या चिठ्ठीवर वाचून कळलं. म्हणजे तुमच्याच हिशोबाने ते पुस्तक तिथे मेलेलं होतं.

वरणभात_लिंबू

साडेसहा हजारात सात पानं कोरी. आमच्या शाळेच्या दुकानात दोनशे पानी वही अख्खी कोरी मिळायची.

(पळतो.)

तिरका_ब्रश

@जुजबंदी, हा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण तो मांडणीचा दोष झाला, पुस्तकाचा नाही.

आणि प्रत्येक पुस्तक हाताळलंच पाहिजे, हाही हट्टच. देव्हाऱ्यातल्या पोथीला पारोशाने हात लावलेला चालायचा का तुमच्या घरी? बासनात बांधून, सोवळ्यात. ते पुस्तक नव्हतं?

जुजबंदी

सोवळ्यात का होईना, रोज उघडायची. अध्याय वाचला जायचा. आजीच्या गुरुचरित्राची पानं कोपऱ्यांना बोटांच्या तेलाने पिवळी झाली होती. काचेतल्या पुस्तकाला ते भाग्य नाही.

आघाडा

मी वनस्पतिशास्त्र शिकवतो, त्यामुळे कलेतलं कळत नाही असं गृहीत धरून वाचा.

'नंबर ४'वर माझा राग धागाकर्तीपेक्षा जास्त आहे. सायनोटाइप करणाऱ्या मुलांना ॲना ॲटकिन्सचं नाव सांगतात की नाही? जॉन हर्शेलने ही निळ्या ठशांची रीत १८४२ साली काढली. ॲटकिन्सबाई त्याच्या ओळखीतल्या. दुसऱ्याच वर्षी, १८४३ पासून, त्यांनी ब्रिटनच्या किनाऱ्यावरची समुद्रशैवालं लोहक्षार लावलेल्या कागदावर ठेवून, उन्हात धरून, पाण्यात धुऊन पुस्तक काढायला सुरुवात केली. हप्त्याहप्त्याने, दहा वर्षं. छायाचित्रांनी सजलेलं जगातलं पहिलं पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं, आणि ते पूर्ण हाताचं आहे. मजकूरसुद्धा त्यांच्याच हस्ताक्षरात, त्याच निळ्या रीतीने उमटवलेला. आणि प्रत्येक शैवालाखाली त्याचं शास्त्रीय नाव! सुंदर दिसतं म्हणून ते काम टिकलंच, पण शैवालं ओळखायच्या कामी यावं म्हणून ते केलं होतं. आपल्या मुलांना ठसा जमला, नाव विचारायचं सुचलं नाही. ज्याचं नाव माहीत नाही त्याच्यापासून 'प्रेरणा' घेतली म्हणे.

दुसरं. दरवर्षी सप्टेंबरात कासला कुणी ना कुणी स्केचबुक घेऊन येतं आणि 'फक्त एकच' म्हणून सीतेची आसवं खुडतं. एवढीशी कीटकभक्षी वनस्पती, कातळावरच्या ओल्या मातीच्या पातळ थरात तिचं सगळं आयुष्य. पश्चिम घाटातल्या ज्या ३९ ठिकाणांना २०१२ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात कास आहे. तिथलं फूल पुस्तकात चिकटवणं हा निसर्गाचा गौरव नाही, चोरी आहे.

आणि पिसं! सापडलेलं प्रत्येक पीस घरी आणू नका. गळालेल्या मोरपिसाला १९७२च्या वन्यजीव कायद्यात सूट आहे, म्हणून बाकी सगळ्यांना असेल असं नाही.

पिंपळपान९

आघाडा सर, लहानपणी आम्ही मोरपीस वहीत ठेवून त्याला पेन्सिलीचं सोलपट खाऊ घालायचो, पिल्लं होतील म्हणून. ते चाललं असतं ना? :)

पिंपळाच्या पुस्तकाबद्दल : ते बहुतेक माझ्या मैत्रिणीचं. पानं ताजी तोडून महिनाभर पाण्यात कुजवली, मग दातांच्या ब्रशने गर काढला. हॉस्टेलभर वास. शंभरातली अकरा धड निघाली. त्याला 'उलटता येत नाही' म्हणून मोडीत काढू नका. नाजूकपणा हाच त्याचा विषय आहे.

जुजबंदी

अकरा धड निघाली हे वाचून वाईट वाटलं, खरंच. पण मग तेच दाखवा ना! ती कुजवण्याची भांडी, तो ब्रश, फाटलेली एकोणनव्वद पानं. त्यातलं काहीच नव्हतं तिथे.

कुडाळ_स्टेशन

आमच्या तळकोकणातलं एक उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही. पिंगुळीचे चित्रकथी. ठाकर समाजातले कलाकार कागदावर रामायण-महाभारतातले प्रसंग रंगवायचे. सुटी चित्रं, पण एका कथेचा गठ्ठा म्हणजे एक पोथी. कथा सांगणारा एकेक चित्र पुढे धरतो, वाद्याच्या साथीने गातो, मग पुढचं चित्र. प्रेक्षक कधीच पान उलटत नाही, हातही लावत नाही. तरी सगळे तिला पोथीच म्हणतात. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच परंपरेसाठी.

म्हणजे जुजबंदीताई, हात लावणं ही अट नाही. पण तिरका_ब्रश, तुम्हीही फार खूश होऊ नका. कुणीतरी उलटून दाखवणारं लागतं! काचेत ठेवलेली चित्रकथीची पोथीही मुकीच. महाविद्यालयाने प्रत्येक पुस्तकापाशी ते करणारं पोर उभं केलं असतं आणि 'बघा, हे असं' म्हणत पानं उलटली असती, तर हा धागाच निघाला नसता.

वरणभात_लिंबू

आलो परत. गंभीर प्रश्न : हे एकच प्रत करून हजारो रुपये लावायचं फॅड कुठून आलं? हाताने केलेलं स्वस्त असूच शकत नाही का?

तिरका_ब्रश

गंमत म्हणजे चित्रकारांनी पुस्तकं करायची ही आधुनिक लाट जोरात आली तीच मुळी स्वस्ताईच्या हौसेने. एड रुशे या अमेरिकन चित्रकाराने १९६३ साली पेट्रोलपंपांचे सव्वीस साधे फोटो छापून पुस्तक काढलं, पहिल्या खेपेला ४०० प्रती. गॅलरीतल्या महागड्या एकुलत्या वस्तूला वैतागूनच अनेकजण या वाटेला लागले. आपल्याकडे चेन्नईच्या तारा बुक्सचं बघा. भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंग उर्वेती या गोंड चित्रकारांच्या झाडांचं पुस्तक त्यांनी २००६ साली काढलं. काळ्या हातकागदावर प्रत्येक पान हाताने स्क्रीनप्रिंट केलेलं, बांधणीही हाताची. एकामागून एक आवृत्त्या निघाल्या, आणि ते कुठल्याही पुस्तकासारखं दुकानात विकत मिळतं. रात्रीची झाडं, त्यात राहणारे साप, पक्षी. हातात घेतलंत तर शाईचा उंचवटा बोटाला लागतो.

तेव्हा किंमतीच्या बाबतीत मी वरणभाताच्या पंगतीत.

सातवं_पान

नमस्कार. बराच वेळ नुसती वाचत होते. 'कारवी' माझं आहे.

पहिल्यांदा पाटीबद्दल. ती आम्ही लावली नाही. गेल्या वर्षी कुणीतरी एका पुस्तकाची दोन पानं फाडून नेली, म्हणून पेट्या आल्या. किंमतही 'काहीतरी टाका, नाहीतर लोक गंभीरपणे घेत नाहीत' असं सांगितल्यामुळे टाकली. कुणी घेतलं नाही.

माझं आजोळ मुळशीकडे. जुन्या घराच्या भिंती कारवीच्या कुडाच्या, वरून शेणामातीचा गिलावा. मी चौथीत असताना डोंगर जांभळा झाला होता, मग थेट बारावीत. मधल्या वर्षांत कारवी म्हणजे नुसत्या काठ्या, आजी भिंतीला लावायची त्या. पुस्तकाच्या पाठीला ज्या दोन काठ्या बांधल्यात त्या त्याच पाडलेल्या भिंतीतल्या आहेत. हे माहितीच्या चिठ्ठीवर लिहायला हवं होतं बहुतेक.

कोरी पानं तशी कोरी नाहीत. प्रत्येकावर काठीचा कोरडा दाब आहे, शाईशिवाय. पान तिरकं धरलं तरच दिसतो. काचेतून कुणालाच दिसला नाही. :( जांभळा रंग आधी कारवीची फुलं चुरडून केला होता. आठवड्यात त्याचा चहा झाला. मग जलरंग वापरला. फुलं खुडली हे खरं, आघाडा सर, ओंजळभर. आजोळच्या बांधावरची.

आणि बांधणी आम्हाला दोन तासांच्या कार्यशाळेत शिकवली. बाकी व्हिडिओ बघून.

आघाडा

बांधावरची ओंजळभर, हरकत नाही. नाव बरोबर लिहिलंत यातच मी अर्धा विरघळलो. नंबर ४वाल्याला मात्र माझ्याकडे पाठवा. आमच्याकडे वर्गात हर्बेरियमला, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाला, पान लावायच्या आधी वर्तमानपत्रात दाबून रोज कागद बदलायला लावतात, आठवडाभर. त्याने तपकिरीपणा पूर्ण टळत नाही, बुरशी नक्की टळते.

पिंपळपान९

नंबर ४वाला माझा वर्गमित्र आहे. तो म्हणतो, नाव मुद्दाम दिलं नाही, शहरातल्या माणसाला फुलं अशीच दिसतात म्हणून.

आघाडा

हे उत्तर त्याने धागा वाचून तयार केलंय.

जुजबंदी

सातवं_पान, आधी माफी. हसायला नको होतं. कोरडा दाब आहे हे कळलं असतं तर मी त्या पेटीपाशी वाकून वाकून बघितलं असतं. मूळ मत मात्र बदललेलं नाही, उलट पक्कं झालंय. तुझ्या पुस्तकातलं सगळ्यात चांगलं जे आहे ते हातात घेऊन उजेडाला धरल्याशिवाय दिसत नाही, आणि तेच काचेने गिळलं. फाडण्याची भीती असेल तर दोन प्रती करा, एक काचेत आणि एक लोकांच्या हाती. फाटू दे ती. बाबांकडे दुरुस्तीला यायची ती पुस्तकं सगळी फार वाचलेलीच असायची.

दोन तासांत बांधणी होत नाही. खळ कशी शिजवायची, कसर लागू नये म्हणून त्यात मोरचूद किती, कागदाची ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, कुठल्या बाजूने धरायची, म्हणजे पुठ्ठा वाकत नाही, हे सांगणारी माणसं अजून आहेत. ती कार्यशाळेला बोलावली तर येतात. चहावर येतात.

तिरका_ब्रश

दोन प्रतींना माझा विरोध नोंदवा. कुजवून काढलेल्या अकरा पानांची दुसरी प्रत कुठून आणणार? काही पुस्तकं एकुलतीच असणार, आणि दुरूनच बघायची असणार. बाइंडरला बोलवायला मात्र दोन्ही हात वर.

सातवं_पान

जुजबंदीताई, प्रदर्शन शनिवारी उतरवतोय. दुपारनंतर पेट्या उघडतील. आलात तर सगळी आठ पानं उलटून बघा, मी थांबते.

जुजबंदी

येते. बाबा पण म्हणतायत येतो. त्यांचा एकच प्रश्न आहे : शिवणीला दोरा कुठला वापरलास?

सातवं_पान

आईच्या शिलाई मशीनचा. तीन पदरी केला होता.

जुजबंदी

सुटणार. मेण घेऊन येतो.