आफ्रिकेतल्या मिशनवर तुम्हाला कोणी सांभाळलं?

वसईत अशी कितीतरी घरं आहेत, जिथला एखादा मुलगा फादर होऊन किंवा मुलगी सिस्टर होऊन आफ्रिकेत गेली आहे. माझा धाकटा भाऊ २९व्या वर्षी टांझानियाला गेला. ऑक्टोबरातल्या मिशन रविवारी आपण चर्चमध्ये ऐकतो, इतक्या शाळा काढल्या, इतके दवाखाने उघडले. इथे ते आकडे नकोत. तिथल्या खेड्यात पाय ठेवलात तेव्हा भाषा येत नव्हती, वाट माहीत नव्हती. तेव्हा कोणी हात धरला, ते सांगा. फादर, सिस्टर, प्रापंचिक, घरचे, सगळ्यांनी लिहा. कोणाची खासगी नावं मात्र नकोत.

टांझानिया, एक फादर

भावानेच विचारलंय, तर सुरुवात मी करतो.

आमच्या धर्मग्रामाला अकरा किगांगो आहेत, म्हणजे मुख्य चर्चपासून लांबची गावं. एकेका ठिकाणी मी महिना-दीड महिन्यातून एकदा पोहोचतो. मधल्या रविवारी प्रार्थना घेणं, बाप्तिस्म्याची तयारी करून घेणं, आजाऱ्याच्या उशाशी बसणं, मयताला उभं राहणं हे सगळं कातेकिस्ता, म्हणजे गावातलाच धर्मशिक्षक, करतो. पोट भरतं त्याच्या मक्याच्या शेतावर. लोकांचा खरा मेंढपाळ तोच आहे, हे मला वर्षभरानं कळलं.

पहिल्याच वर्षी एका किगांगोत लग्न होतं. निरोप आला, ‘सा न्ने’. न्ने म्हणजे चार. मी दुपारी चारला पोहोचलो. स्वाहिलीत दिवसाचे तास सकाळी सहापासून मोजतात. आपले सात वाजले की तिथे ‘सा मोजा’, पहिला तास. म्हणजे ‘सा न्ने’ हे सकाळचे दहा. भाषावर्गात हे शिकलो होतो, तरी दमलेल्या डोक्यानं घड्याळ आपलंच लावलं. नवरानवरी, वऱ्हाड, शेजारची दोन गावं सहा तास उन्हात बसली होती. मी तोंड उघडायच्या आत कातेकिस्ता पुढे आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, ‘पोले साना, पाद्रे,’ म्हणजे फार त्रास झाला, फादर, ‘वाट फार खराब होती ना?’ माझी लाज त्यानं वाटेच्या खड्ड्यांत पुरून टाकली. एकांतातही कधी विषय काढला नाही. फक्त त्यानंतरच्या त्याच्या प्रत्येक निरोपात ‘सकाळी’ किंवा ‘दुपारी’ हा शब्द असतो.

मार्च ते मे हा मासिका, मोठा पाऊस. काळी माती पिकिपिकीच्या, म्हणजे मोटारसायकलच्या, चाकाला अशी धरते की काठीनं खरवडत चालावं लागतं. अशाच एका वाटेवर त्यानं मला हळूच सांगितलं होतं, ‘म्हातारी माणसं तुम्हाला शिकामू म्हणतात, ते फादर म्हणून. आधी तुम्ही म्हणत जा.’ शिकामू हा धाकट्यानं थोरल्याला करायचा नमस्कार. थोरला ‘मराहाबा’ म्हणून तो स्वीकारतो. त्या दिवसापासून झगा अंगावर असला तरी मी आधी वाकतो.

टांझानिया, दवाखान्यातली सिस्टर

स्वाहिली शिकताना मला माहेरची माणसं भेटत गेली आणि प्रत्येकजण वेगळाच निघाला. ‘दादा’ म्हणजे बहीण, ‘काका’ म्हणजे भाऊ, ‘मामा’ म्हणजे आई. औषध ‘दावा’, हवा ‘हेवा’, साबण ‘साबुनी’, गाडी ‘गारी’. समुद्रावरच्या व्यापाऱ्यांनी शब्द इकडचे तिकडे किती नेले असतील! पेशंट मला ‘दादा’ म्हणायच्या, तेव्हा सुरुवातीला मी मागे वळून बघायचे.

मला सांभाळलं एका म्हाताऱ्या सुईणीनं. मी नर्सिंग करून आले होते, सुईण म्हटलं की मनात आधीच नकार होता. घरी बाळंतपण करू नये, हे मी आजही ठाम सांगते. पण बायकांना दवाखान्यापर्यंत आणायची तीच. आम्ही गावात कितीही बोललो तरी त्यांचा विश्वास तिच्यावर. एका पावसाळी रात्री ती एका बाळंतिणीला घेऊन आली. रक्त थांबत नव्हतं, आणि मोठ्या रुग्णालयाच्या वाटेवरचा पूल पाण्याखाली. मी सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं. तिनं चार तरुणांना उठवून बाईला खाटेवर घेतलं, डोंगराच्या कडेची पायवाट धरली आणि स्वतः कंदील घेऊन पुढे चालली. मी सलाईनची बाटली धरून मागे. पहाटे पलीकडे गाडी मिळाली. बाई वाचली. मुलगी आता शाळेत जाते.

त्या वाटेवर रात्रीचं मी एकटीनं एक पाऊल टाकलं नसतं.

तुर्काना, उत्तर केनिया, एक ब्रदर

माझं थोडक्यात. इथे पाणी आणि चारा जिकडे, तिकडे माणसं. आमचं चर्च म्हणजे बाभळीची सावली, तीही दर वेळी तीच असेल असं नाही. एकदा लागा, म्हणजे कोरडी नदी, ओलांडायला गाडी उतरवली. आभाळ निरभ्र. दहा-बारा वर्षांचा एक शेळ्या राखणारा पोरगा दोन्ही हात पसरून आडवा उभा राहिला, हटेना. मी चिडलो. पाच-दहा मिनिटांत वरच्या अंगानं मातकट पाण्याचा लोंढा आला, झाडं घेऊन. पाऊस कुठेतरी लांब डोंगरात पडला होता. त्याला तो कसा कळला, मला अजून समजत नाही.

मलावी, प्रापंचिक शिक्षक

मी दोन वर्षं मिशनच्या शाळेत गणित शिकवलं. देणगीदारांना पाठवायला एका अनवाणी मुलाचा फोटो काढला. आठवड्यानं त्याची आजी आली. आवाज चढवला नाही. म्हणाली, ‘आधी निरोप दिला असतास तर त्याला इस्त्रीचा शर्ट घातला असता.’ तो फोटो मी पाठवला नाही. पण त्याच्या आधी किती पाठवले होते, ते आठवलं की अजून मन खाली जातं.

तिनंच मला खिशातली क्वाचाची नोट काढायला लावून विचारलं, ‘हा कोण, माहीत आहे?’ नोटेवर जॉन चिलेम्ब्वे. अमेरिकेत शिकून १९०० साली परतलेला पाद्री, चिराझुलूत स्वतःचं मिशन उभारलेला. गोऱ्यांच्या मळ्यांवर ‘थांगाता’ चाले, म्हणजे जमिनीच्या खंडाबदली राबणूक. त्याची प्रार्थनागृहं जाळली गेली. पहिल्या महायुद्धात त्याच्या लोकांना इंग्रजांसाठी मरायला पाठवलं. जानेवारी १९१५ मध्ये त्यानं उठाव केला आणि काही दिवसांत तो मारला गेला. त्या उठावात गोऱ्यांचंही रक्त सांडलं, तेही आजीनं लपवलं नाही. १५ जानेवारीला तिथे त्याच्या नावानं सुट्टी असते. मिशनचा इतिहास मी आलो तेव्हा फक्त बाहेरून आलेल्यांचा समजत होतो.

नाशिकहून, एक वाचक

मी मिशनरी नाही, पण शरणपूरला लहानाची मोठी झाले, म्हणून लिहिते. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं एकोणिसाव्या शतकात इथल्या मिशनमध्ये राहिली, शिकली. त्यांतला एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात चितांबोच्या गावी वारला, तेव्हा दफनविधीची प्रार्थना या नाशिकच्या मुलानं वाचली आणि झाडावर नाव कोरलं. हृदय तिथेच पुरून, शरीर मीठ लावून, उन्हात वाळवून, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळलं. मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकलेला चुमा आणि सुसी या लिव्हिंग्स्टनच्या सोबत्यांच्या पुढाकारानं हजार मैलांहून जास्त वाट तुडवत ते आजच्या टांझानियातल्या बागामोयोच्या किनाऱ्याला आणलं. तिथे बहुतेकांना पगार देऊन निरोप दिला. एप्रिल १८७४ मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला हात द्यायला वेनराइट होता.

मी बागामोयोला गेले ते त्याच्यासाठी. नंतर केनियात मोंबासाजवळ फ्रेरेटाउनलाही. इथून परतलेल्या आफ्रिकन कुटुंबांनी १८७५ साली तिथे वस्ती केली. गुलाम पकडायला नावा आल्या की वाजवायची घंटा अजून उभी आहे. त्या नाक्याला ‘केंगेलेनी’ म्हणतात, घंटेपाशी. रिक्षावाल्याला मी सांगितलं, मी नाशिकची. त्यानं मान हलवली आणि घंटेच्या कमानीपाशी गाडी थांबवली.

वसई, पहिल्या फादरची आई (आई बोलली, मी लिहून घेतलं.)

मला काय लिहायचं? मुलगा सुट्टीवर आला तेव्हा त्या कातेकिस्ताच्या बायकोनं माझ्यासाठी खांगा पाठवला. लाल कापड, खाली त्यांच्या भाषेत ओळ छापलेली. मी तो देवघरातल्या कपाटात ठेवलाय. मी तिला सुके बोंबील पाठवले. तिला वास नाही आवडला, असं मुलगा म्हणाला, पण तिनं संपवले. फोनवर ती मला ‘मामा पाद्रे’ म्हणते, फादरची आई. मी तिला एकच वाक्य शिकवलंय, ‘जेवलीस का?’ आता दर रविवारी मिस्सा झाली की फोनवर तिचा आवाज येतो. ती मला विचारते, जेवलीस का. मी सांगते, जेवले. मग मी तिला विचारते, आणि तो?