विषय: उत्तर: फायरफॉक्स चौपट वेगाने (माझ्या जुन्या वहीतून)

नमस्कार मंडळी,

आपल्या मंडळाच्या साइटवर गणपतीची वर्गणी भरायला बसलो तर माझा ब्राउझर, फायरफॉक्स, गोगलगाय झालेला. माझ्या २००५ च्या वहीत एक युक्ती लिहिलेली सापडली, सगळ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून पाठवतो. वरच्या पट्टीत 'अबाउट:कॉन्फिग' टाइप करा, म्हणजे फायरफॉक्सच्या आतल्या सेटिंग्जचं पान उघडतं. 'नेटवर्क.एचटीटीपी.पाइपलाइनिंग' ट्रू करा, त्याचंच 'मॅक्सरिक्वेस्ट्स' ३० करा, आणि 'इनिशियलपेंट.डिले' शून्य. माझ्याकडे पहिली दोन नावं दिसेनात, तेव्हा अधिकचं चिन्ह दाबून मीच तयार केली. फरक मात्र अजून जाणवला नाही. कुणाला जाणवला तर कळवा.

– मिल्पिटसचे काका (कॅलिफोर्निया)

*

काका, नमस्कार.

नावं दिसली नाहीत, कारण त्या सेटिंग्ज आता अस्तित्वातच नाहीत. फायरफॉक्स ५४ मधून, म्हणजे २०१७ साली, पाइपलाइनिंग काढून टाकलं. तुम्ही भिंतीवर नवं बटण बसवलंत, पण मागे वायरच नाही. अबाउट:कॉन्फिग कुठलंही नाव निमूट लिहून घेतं.

तेव्हा मात्र युक्तीत तथ्य होतं. एचटीटीपी म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या बोलण्याचे नियम. १९९९ च्या एचटीटीपी १.१ च्या नियमांत एका सर्व्हरशी एका वेळी दोनच जोडण्या ठेवाव्यात असं होतं. पाइपलाइनिंगमध्ये पहिल्या मागणीचं उत्तर यायच्या आत पुढची मागणी पाठवायची. घोळ इतकाच की उत्तरं मागणीच्याच क्रमाने यायला हवीत. पंगतीत पहिल्या पानावर जिलबी अडली की मागच्या सगळ्यांनी साधा भातसुद्धा वाढायची वाट बघत बसायचं. शिवाय मधले कित्येक प्रॉक्सी (निरोप पुढे पोचवणारे मधले सर्व्हर) गोंधळून जायचे, म्हणून पाइपलाइनिंग मुळात बंदच ठेवलेलं असे. आणि ३० म्हणाल तर तेव्हाचा फायरफॉक्स ८ च्या वर जातच नव्हता! २०१५ मध्ये एचटीटीपी २ आलं, एकाच जोडणीवर अनेक मागण्या, उत्तरं हवी त्या क्रमाने. विषय संपला.

पेंट डिले, म्हणजे पान रंगवायला घेण्याआधी थांबायचा वेळ, तेव्हा २५० मिलिसेकंद असे. शून्य केलं की काहीतरी लवकर दिसतं खरं, पण पान पुन्हा पुन्हा रंगवावं लागतं आणि पूर्ण व्हायला उलट उशीर होऊ शकतो.

तेव्हा आधी अबाउट:कॉन्फिगमध्ये 'फक्त बदललेल्या' वर टिचकी मारून हे सगळं मूळपदावर आणा. मग 'अबाउट:प्रोसेसेस' उघडा. कोणता टॅब किती मेमरी आणि प्रोसेसर खातोय, आणि कोणती एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) चालू आहेत, ते तिथे दिसतं. सेटिंग्जमध्ये परफॉर्मन्सखाली हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन (चित्रं-व्हिडिओचं काम ग्राफिक्स चिपवर सोपवण्याची सोय) बंद नाही ना, हेही बघा. ते बंद असलं की व्हिडिओचा सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा घुमायला लागतो.

– फ्रीमाँटहून

*

आणि आम्ही क्रोमवाल्यांनी काय करायचं? माझे नेहमी चाळीसेक टॅब उघडे असतात, बंद करायला सांगू नका.

– दिवाळी अंक समिती

*

वहिनी, सेटिंग्जमध्ये परफॉर्मन्स, तिथे मेमरी सेव्हर चालू करा. न वापरलेले टॅब झोपतात, टिचकी मारली की पुन्हा लोड होतात. टॅब कुठे जात नाहीत!

– फ्रीमाँटहून

*

प्रोसेसेस पाहिलं. कूपन शोधणारी तीन एक्स्टेन्शन्स निघाली (एकही मी मुद्दाम घातलेलं नाही, जावईबापूंचा संशय आहे), आणि एका बातम्यांच्या चॅनेलचं लाइव्ह सोमवारपासून आवाज बंद करून चालूच होतं. सगळं काढलं. बाकीच्या साइट्स आता झटकन उघडतात, बँकेचीसुद्धा. पण मंडळाचं वर्गणीचं पान मात्र तसंच! ते उघडेपर्यंत माझा चहा होतो.

– काका

*

काका, माफ करा, तो दोष आमचाच. गेल्या वर्षीच्या मिरवणुकीचे २८ फोटो त्या पानावर फोनमधून जसेच्या तसे चढवलेत, प्रत्येकी ५-६ एमबी. म्हणजे दीडशे एमबीच्या आसपास. तुमच्या वहीतली कुठलीच युक्ती त्याला पुरली नसती. आज रात्री लहान करून टाकतो. तोवर वर्गणी चेकने चालेल.

– वेबसाइट समिती

*

चेक शनिवारी आरतीला आणतो. फोटो लहान करा, पण ढोल-ताशाचा राहू द्या, त्यात मी आहे.

– काका