कॅरोटिड डॉप्लर: डावी इंटर्नल आतल्या बाजूला, उजवी व्हर्टिब्रल बारीक. रिपोर्टमध्ये काय लिहायचं?

रेडिओ_दुसरंवर्ष:
वय ६२, पुरुष, चक्कर येते म्हणून मानेचा डॉप्लर (धमन्यांतला रक्तप्रवाह मोजणारी सोनोग्राफी) सांगितला आहे. प्लाक (भिंतीवरचा चरबीचा थर) किरकोळ. तीन ठिकाणी अडकलोय.

उजवीकडे कॉमन कॅरोटिडचा (मानेतली मोठी धमनी) फाटा, म्हणजे ती इंटर्नल आणि एक्स्टर्नल अशी दुभंगते ती जागा, जबड्याच्या कोनापाशी, इतका वर की लिनिअर प्रोब हाडाला टेकतो आणि इंटर्नलचा सुरुवातीचा तुकडाच तेवढा दिसतो.

डावीकडे फाटा नेहमीच्या उंचीवर, पण बाहेरची नळी बारीक आणि तिचा डायस्टोल (हृदय शिथिल असतानाचा प्रवाह) जवळजवळ बेसलाइनवर, म्हणजे शून्यावर. आतली नळी जाड, डायस्टोल चांगला भरलेला. म्हणजे इंटर्नल आत आणि एक्स्टर्नल बाहेर? की मीच नावं उलटी लावतोय?

उजवी व्हर्टिब्रल (मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणारी धमनी) १.९ मिमी, पीएसव्ही (सर्वोच्च वेग, सेंमी/सेकंद) २८, आरआय (प्रवाहाला होणाऱ्या विरोधाचा आकडा) ०.८२, प्रवाह डोक्याकडेच. डावी ४.१ मिमी, आरआय ०.६४.

तिन्हींना 'नॉर्मल व्हेरिएंट' (आजार नसलेला, रचनेतला फरक) म्हणून सोडून द्यायचं का?

प्रोब_आणि_जेल:
आधी डावी बाजू. नळीचं नाव जागेवरून ठरवू नका. इंटर्नल बहुतेकांत बाहेर आणि मागे असते, एक्स्टर्नल आत आणि पुढे. नावातलं 'इंटर्नल' कवटीच्या आत जाण्याबद्दल आहे, मानेतल्या जागेबद्दल नाही. पहिल्या वर्षाला सगळ्यांचा घोळ तिथेच होतो. थोड्या लोकांत हा क्रम उलटा असतो, तुमचा रुग्ण बहुधा त्यांतला.

ठरवायचं ते फांद्यांवरून. प्रोब आडवा धरून कॉलरबोनपासून वर सरकवत जा. फाट्यानंतर जिला मानेतच फांदी फुटते ती एक्स्टर्नल. पहिली फांदी सुपिरिअर थायरॉइड, ती वळसा घेऊन खाली थायरॉइडकडे येते. मात्र ही फांदी कधी कधी फाट्यातूनच किंवा कॉमन कॅरोटिडमधूनच निघते. तेव्हा सुरुवातीला फांदी दिसली नाही म्हणून लगेच 'इंटर्नल' म्हणू नका, आणखी वर जाऊन लिंग्वल आणि फेशिअल शोधा.

मग टॅप, म्हणजे टिचकीची चाचणी. कानाच्या पाळूच्या थोडं पुढे टेम्पोरल धमनी बोटाला लागते. सॅम्पल गेट (स्क्रीनवरची वेग मोजायची खूण) नळीत ठेवून तिच्यावर भराभर चार-पाच टिचक्या मारा. एक्स्टर्नलमध्ये डायस्टोलला करवतीसारखे दाते उमटतात. पुसट दाते इंटर्नलमध्ये आणि कॉमनमध्येही येऊ शकतात, म्हणून टॅप दोन्ही नळ्यांत करून तुलना करायची. एकीत करून थांबलात तर त्या टॅपला अर्थ नाही.

नुसत्या वेव्हफॉर्मवर (वेगाच्या आलेखावर) विसंबू नका. इंटर्नल पूर्ण बंद असेल तर एक्स्टर्नल ऑफ्थॅल्मिकमार्गे (डोळ्याच्या धमनीतून) मेंदूला रक्त पुरवू लागते, तिचा डायस्टोल वर येतो आणि ती हुबेहूब इंटर्नलसारखी दिसते. तिथे फांद्या आणि टॅपच वाचवतात.

नावं उलटी लागली तर काय होतं? कॅरोटिड किती अरुंद हे ठरवण्याच्या, रेडिओलॉजी तज्ज्ञांच्या २००३ च्या एकमताच्या निकषांतले १२५ आणि २३० सेंमी/सेकंद हे आकडे फक्त इंटर्नलचे आहेत. एक्स्टर्नलच्या अरुंद तोंडात २४० आले आणि लेबल चुकलं, की रिपोर्टमध्ये '७० टक्के किंवा जास्त इंटर्नल स्टेनोसिस' (अरुंदपणा) उतरतं आणि माणूस ऑपरेशनच्या चर्चेपर्यंत पोचतो. अँगल (ध्वनिलहरी आणि प्रवाह यांमधला कोन) ६० अंशांच्या आत आणि कर्सर भिंतीला समांतर, हे दोन्ही नळ्यांना लागू. बल्बमध्ये (फाट्यापाशीच्या फुगीर भागात) मागच्या भिंतीलगत उलट्या रंगाचा पट्टा दिसला तर तो नेहमीचा भोवरा असतो, त्याला आजार म्हणू नका.

उजवीकडच्या उंच फाट्यासाठी उशी काढा, हनुवटी वर, मान डावीकडे वळवा आणि प्रोब स्टर्नोमॅस्टॉइडच्या मागून, कानाच्या दिशेने तिरका लावा. तरी जबडा आड आला तर मायक्रोकॉन्व्हेक्स (लहान, गोलसर तोंडाचा प्रोब) घ्या, नसेल तर पोटाचा कॉन्व्हेक्स. चित्र भरड येईल, पण वेग मोजण्यापुरतं पुरतं. फाटा सर्वसाधारणपणे थायरॉइड कार्टिलेजच्या वरच्या कडेपाशी, सी३-सी४ ला (मानेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यापाशी) असतो. तो त्याहून वर असेल तर सर्जनला एंडआर्टरेक्टमीसाठी (प्लाक काढण्याच्या ऑपरेशनसाठी) डायगॅस्ट्रिकपर्यंत (जबड्याखालच्या स्नायूपर्यंत) जावं लागतं आणि हायपोग्लॉसल नर्व्ह (जिभेची नस) वाटेत येते. म्हणून 'फाटा जबड्याच्या कोनाच्या पातळीवर, इंटर्नल फाट्यापासून अमुक सेंमीपर्यंतच दिसली' असं लिहा. पुढचं दिसलं नसेल तर तिथे 'नॉर्मल' हा शब्द नको.

मागची_नळी:
व्हर्टिब्रलबद्दल. १.९ हा आकडा रंग लावून मोजला की बी-मोडमध्ये (साध्या काळ्या-पांढऱ्या चित्रात)? कलर भिंतीबाहेर सांडतो आणि कमी स्केलवर आणखीच सांडतो. सी५-सी६ च्या मधल्या खिडकीत, उभ्या चित्रात, कलर बंद करून आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजा. बहुतेक ठिकाणी २ मिमीच्या खाली हायपोप्लासिया (जन्मतः बारीक नळी) धरतात, काही २.५ धरतात. तुमच्या विभागात कुठला आकडा चालतो तो विचारून घ्या, नाहीतर एकाच रुग्णाचे दोन रिपोर्ट भांडतील.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे बाहेरची भिंत मोजा. जन्मतः बारीक नळी सगळीकडे सारखीच बारीक असते, भिंतही पातळ. डिसेक्शनमध्ये (भिंतीचे थर सुटून मधे रक्त शिरतं तेव्हा) बाहेरचा घेर नेहमीचा राहतो, भिंत जाड दिसते आणि आतली वाट तेवढी अरुंद होते. आतला आकडा १.९ आणि बाहेरचा ४ आला तर तो व्हेरिएंट नव्हे.

आरआय ०.८२ हायपोप्लासियात चालतं. व्हर्टिब्रल पीआयसीएमध्ये (लहान मेंदूकडे जाणाऱ्या फांदीत) संपत असेल तरी असंच येतं, आणि वर कवटीत अडथळा असेल तरीही. मानेच्या डॉप्लरवर हे तीन नेहमी वेगळे करता येत नाहीत. याउलट मुळाशी अरुंद असेल तर शिखर गोलसर आणि उशिरा चढणारं दिसतं. तुमच्याकडे ते नाही.

आत शिरण्याची पातळीही बघा. बहुतेकांत सी६ च्या छिद्रातून, काहींत सी५ मधून, क्वचित सी४ किंवा सी७ मधून. मणके मोजायला सी७ पासून सुरुवात करा: त्याच्या ट्रान्सव्हर्स प्रोसेसला पुढचा उंचवटा नसतो, सी६ चा ठळक असतो. सी५ ला शिरणारी नळी सी६ च्या समोर उघडी पडलेली असते. स्टेलेट ब्लॉक (मानेतल्या नसांच्या गाठीला बधिर करणारं इंजेक्शन) देणाऱ्याच्या सुईच्या वाटेत नेमकी तीच. मानेच्या पुढून मणक्याचं ऑपरेशन करणाऱ्यालाही हे आधी कळायला हवं. आणि डावी व्हर्टिब्रल सबक्लेव्हियनवर (हाताकडे जाणाऱ्या धमनीवर) सापडली नाही तर 'बंद' लिहू नका. काहींत ती थेट आर्चमधून (महाधमनीच्या कमानीतून) निघते, आणि अशीच नळी बऱ्याचदा सी५ ला शिरते.

चक्कर आणि बारीक नळी यांची लगेच गाठ बांधू नका. दोन्ही बाजूंचा मिळून प्रवाह काढा: क्षेत्रफळ गुणिले सरासरी वेग गुणिले ६०. पीएसव्ही नको, टीएएमीन (पूर्ण ठोक्यातला सरासरी वेग) घ्या. समजा डावीचा टीएएमीन २५: ४.१ मिमीचं क्षेत्रफळ ०.१३२ चौ. सेंमी, म्हणजे सुमारे १९८ मिली/मिनिट. उजवीचा १० धरला तर सुमारे १७. बेरीज २१५. बेरीज २०० च्या खाली गेली तर बरेच जण सावध होतात. व्यासात ०.२ मिमीची चूक झाली तरी डावीकडचा आकडा जवळपास दहा टक्के हलतो, तेव्हा तीनदा मोजून सरासरी घ्या.

घसा_मान_नाक:
थोडं विषयाबाहेर, पण प्रोब मानेवर आहेच तर उजव्या स्टर्नोक्लॅव्हिक्युलर सांध्यामागे छातीकडे तिरका करून बघा. ब्रॅकिओसेफॅलिकमधून (उजवीकडच्या मूळ धमनीतून) कॉमन कॅरोटिड आणि सबक्लेव्हियन निघतानाचा 'वाय' दिसला पाहिजे. नसेल आणि कॅरोटिड एकटीच खालून येत असेल तर उजवी सबक्लेव्हियन अन्ननलिकेच्या मागून येत असण्याची शक्यता धरा. अशांत उजवी लॅरिंजिअल नर्व्ह (आवाजाची नस) वळसा न घेता व्हेगस या मोठ्या नसेतून थेट आडवी येते. थायरॉइड काढताना ती नेहमीच्या जागी शोधली तर सापडत नाही, उलट कापली जाते.

डावी इंटर्नल आत आहे म्हणता, तर ती घशाच्या मागच्या भिंतीला टेकते का? सोनोग्राफीत वरचा भाग दिसणार नाही, तरी एक ओळ लिहा. टॉन्सिल किंवा तिथला पू काढणाऱ्याला ती लागते.

रेडिओ_दुसरंवर्ष:
पुन्हा बघितलं. डावीकडे बाहेरच्या नळीत दाते स्पष्ट, आतलीत जवळजवळ नाहीत. बाहेरचीला दोन फांद्याही मिळाल्या. उजवी व्हर्टिब्रल आत १.९, बाहेरून २.५, सी३ पासून सी६ पर्यंत सारखीच. सी६ लाच शिरते. 'वाय' आहे. मायक्रोकॉन्व्हेक्सने उजवी इंटर्नल फाट्यापासून २.५ सेंमी दिसली, पीएसव्ही ७४. इंप्रेशन कसं मांडू?

प्रोब_आणि_जेल:
असं काहीसं:

'उजवा कॅरोटिड फाटा जबड्याच्या कोनाच्या पातळीवर; इंटर्नल २.५ सेंमीपर्यंत दिसली, तेवढ्या भागात लक्षणीय स्टेनोसिस नाही, त्यापुढचा भाग दिसला नाही. डावी इंटर्नल कॅरोटिड एक्स्टर्नलच्या आतल्या बाजूला. घशामागचा भाग या तपासणीत दिसत नाही. उजवी व्हर्टिब्रल सर्वत्र सारखी बारीक, आतला व्यास १.९ मिमी, प्रवाह डोक्याकडे, आरआय ०.८२, हायपोप्लासियाशी सुसंगत, वरचा अडथळा या तपासणीने नाकारता येत नाही. डावी व्हर्टिब्रल ४.१ मिमी, प्रबळ.'

डावीकडच्या प्लाकची ओळ आणि पीएसव्ही वेगळे टाका, इथे मिसळू नका. आणि 'व्हर्टिब्रोबॅसिलर इन्सफिशिअन्सी' (मेंदूच्या मागच्या भागाला रक्त कमी पडणं) हे शब्द तुमच्या बाजूने लिहू नका.

मागची_नळी:
एक भर. 'वरचा अडथळा नाकारता येत नाही' लिहिलंत, तर पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोनही करा. चक्करेसोबत दुहेरी दिसणं, बोलण्यात जडपणा किंवा तोल जाणं असेल तर एमआर अँजिओ (धमन्यांचा एमआरआय) आजच व्हायला हवा. कूस बदलताना काही सेकंद गरगरत असेल तर आधी कानाकडे बघायला सांगा.