वढवाणा तलावावरील तपकिरी बदके कशी ओळखावीत?

मांडवीकर: नवरात्र संपल्यावर वडोदऱ्याहून डभोई तालुक्यातील वढवाणा तलावावर गेलो असता मोठी लालसरी या बदकाचे केशरी डोक्याचे नर कोठेच आढळले नाहीत, पाण्यावरची बहुतेक बदके मळकट तपकिरी होती. थंडीत माद्याच आधी येतात काय? शिवाय मागील जानेवारीत पट्टकादंब हंस दुपारभर स्वस्थ बसलेले दिसले होते. ते चरतात तरी केव्हा?

पाणवठा: आपण पाहिलेल्यांत नरही असणार. मादी अंडी उबवू लागली की नर भडक पिसे टाकतो आणि पंखांची उड्डाणपिसे एकदमच गळून पडल्यामुळे त्याला काही आठवडे उडता येत नाही. त्या काळात लपून राहण्यास मादीसारखा फिका वेश उपयोगी पडतो. स्थलांतराआधी उड्डाणपिसे पुन्हा येतात, परंतु रंग मात्र पुष्कळदा आपल्याकडे पोहोचल्यावर चढतो, कारण बदकांच्या जोड्या बहुधा हिवाळी मुक्कामातच जमतात. आपल्या सुगरणीचे नेमके उलट आहे. तिचा नर पावसाळ्याच्या तोंडावर पिवळा होतो. म्हणून ऑक्टोबरात रंगापेक्षा चोच पाहावी. मोठ्या लालसरीच्या नराची चोच फिक्या वेशातही लाल राहते, तर मादीची गडद असून टोकाशी गुलाबी असते. थापट्या त्याच्या फावड्यासारख्या चोचीवरून आणि तलवार बदक लांब, सडपातळ मानेवरून ओळखता येते. पिवळ्या टोकाच्या काळ्या चोचीचे हळदी-कुंकू बदक मात्र बारमाही रहिवासी आहे. त्याला पाहुण्यांत धरू नये.

कारेलीबागकर: पट्टकादंब मुख्यतः रात्री व पहाटे शेतांत चरतात आणि उन्हे चढल्यावर सुरक्षित पाण्यावर विसाव्यास येतात. त्यांचे थवे परतताना पाहावयाचे असतील तर सूर्योदयापूर्वी बांधावर पोहोचावे. माझा आग्रह असा की, नोंदवहीत तारखेइतकेच महत्त्व पाण्याच्या पातळीला द्यावे. १९१० साली बडोदा संस्थानाने बांधलेला हा तलाव २०२१ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आला, तरी तो मुळात सिंचनाचा आहे. पाणी उतरून काठाचा चिखल उघडा पडला की शेकाटे आणि तुतारी हे चिखलात चरणारे पक्षी तेथे येऊ लागतात, आणि भरल्या पाण्यात तीच जागा वारकरी या काळ्या पाणपक्ष्यांची असते. डिसेंबरात छायाचित्रांपुरते येणाऱ्यांना हा बदल कधीच दिसत नाही, हे माझे जरा कडवट मत.

मांडवीकर: आभारी आहे. मग डिसेंबरच्या आरंभी गेल्यास सर्व नर रंगात आलेले असतील काय?

पाणवठा: मोठ्या लालसरीचे बहुतेक असतील. थापट्याच्या नराला मात्र वेळ लागतो. डिसेंबरातही त्याच्या छातीवर तपकिरी ठिपके उरलेले दिसले, तर त्याला मादी समजू नये.