अनुभव धागा: ग्रीन कार्डची मुलाखत, मुंबई. तुमचं कुठे अडलं?

धागाकर्ती, डोंबिवली

नवऱ्याच्या नोकरीवरचा अर्ज, ईबी-३ (नोकरीवरच्या ग्रीन कार्डची तिसरी श्रेणी), रांगेतली तारीख २०१३ची. तो मध्येच भारतात परत आला, पण कंपनीने अर्ज मागे घेतला नाही. आता नंबर लागलाय, एनव्हीसीने (कागद तपासणारं अमेरिकेचं व्हिसा केंद्र) कागद मंजूर केलेत आणि पुढच्या महिन्यात बीकेसीला अमेरिकी वकिलातीत बोलावलंय. नवरा, मी आणि लेक. लेक नंबर लागला त्या महिन्यात २१ वर्षं तीन महिन्यांची होती, आणि आईबापाच्या अर्जात मूल २१च्या आतलंच धरतात. तिचं नाव पत्रात आहे, तरी माझ्या पोटात गोळा आहेच.

कागदांची यादी मला पाठ झाली आहे, ती कृपया पुन्हा देऊ नका. ज्या गोष्टीने तुमची झोप उडवली ती सांगा.

एक जूनवाला

तुम्ही म्हणाल हे कसलं नाव. पासपोर्टवर माझा जन्म १ जून १९७४. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचा १ जूनच होता, कारण मास्तरांनी शाळेत घालताना तीच तारीख टाकली. आई सांगते, तू पोळ्यानंतर झालास. म्हणजे जून असणं शक्यच नाही!

ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवकाने जुनं रजिस्टर काढलं. कडा वाळवीने खाल्लेल्या, पानं चिकटलेली. त्याने नखाने एकेक पान सोडवलं. १९७३ आणि १९७४ दोन्ही वर्षं पाहिली, आमच्या घरातली नोंदच नाही. मग नोंद नसल्याचा दाखला घेतला, शाळा सोडल्याचा दाखला जोडला आणि थोरल्या मामाचं नि चुलत्याचं अशी दोन प्रतिज्ञापत्रं केली. गावच्या वकिलाने सरळ ‘१ जून रोजी जन्म झाला’ असा मजकूर टाइप करून आणला होता. मामा म्हणाला, मला जे माहीत नाही त्यावर मी अंगठा देणार नाही. बरोबरच होतं त्याचं. शेवटी जन्मगाव, आईबापाची नावं आणि ‘तारीख शाळेत नोंदवल्याप्रमाणे’ एवढंच लिहिलं.

काउंटरवर गोऱ्या बाईंनी विचारलंच, ही तुमची खरी जन्मतारीख का? मी म्हटलं, मास्तरांनी दिलेली आहे, खरी आईलाही सांगता येत नाही. त्या हसल्या. माझ्याआधी असे बरेच येऊन गेले असावेत. पुढचा प्रश्न पगाराचा.

मराठी दाखल्यांचं इंग्रजी भाषांतर आणि त्यावर भाषांतर करणाऱ्याचं सहीचं प्रमाणपत्र, हे मात्र आधीच करून ठेवा.

तीन नावांची नर्स

मी रत्नागिरीची. नर्सिंग कौन्सिलच्या नोंदीत वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. मस्कतच्या हॉस्पिटलच्या अनुभवपत्रावर पहिलं नाव माझं, आडनावाच्या जागी वडिलांचं नाव. बाई एकच, कागदावर तीन. आपल्याकडे लग्न झालं की मधलं नावसुद्धा बदलतं हे बाहेरच्याला पटकन कळत नाही. डीएस-२६० मध्ये (व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म) आधी वापरलेल्या नावांचा रकाना आहे, त्यात तिन्ही भरली. लग्नाचा नोंदणी दाखला आणि राजपत्राची प्रत फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवली.

त्याच फॉर्ममध्ये वयाच्या सोळाव्या वर्षापासूनचे सगळे पत्ते मागतात. हॉस्टेलच्या खोल्या, दोन भाड्याची घरं, मस्कतचं क्वार्टर. मी जुनी पत्रं आणि बँकेची पासबुकं काढून महिने जुळवले. सोळा वर्षांनंतर जिथे वर्षभर किंवा जास्त राहिलात त्या परदेशाचाही पोलीस दाखला लागतो. मी तीन वर्षं होते, माझा यायला अडीच महिने गेले. भारतातला पासपोर्ट सेवा केंद्रातून त्यामानाने झटपट मिळाला.

आम्हा नर्सना लेबर सर्टिफिकेशनची (या कामाला तिकडे माणूस मिळत नाही हे सरकारकडून मान्य करून घेण्याची) पायरी नाही, पण व्हिसास्क्रीन (शिक्षण आणि परवाना तपासल्याचं प्रमाणपत्र) लागतं आणि ते पाच वर्षांचंच असतं. रांगेत उभं राहता राहता माझं एकदा संपलं. तारीख बघत राहा.

डागवाला, नाशिक

मेडिकलबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. कॉलेजात असताना टीबी होऊन गेला होता. पूर्ण औषधं घेतली, मी विसरूनही गेलो. छातीच्या एक्स-रेत जुना डाग निघाला. मग तीन दिवस रोज सकाळी थुंकीचा नमुना. काहीही न खातापिता जायचं, हातात झाकणाची प्लास्टिकची डबी देतात, आणि एका बाजूला उभं राहून खोकायचं. पहिल्या दिवशी काही येईचना. शेजारी एक पंजाबचे आजोबा होते, ते म्हणाले, पुत्तर, आधी पाच लांब श्वास घे. त्यांच्या सांगण्याने जमलं!

तिन्ही स्मिअर निगेटिव्ह आले, पण कल्चरसाठी (नमुन्यात जंतू वाढतात का ते पाहायला) आठ आठवडे थांबावंच लागतं, त्यात कोणाची ओळख चालत नाही. विमानाची तिकिटं काढून बसलो होतो, रद्द करताना पैसे गेले. ज्यांना कधी टीबी झालाय त्यांनी जुने एक्स-रे आणि औषधोपचाराचे कागद घेऊनच जावं. आणि व्हिसाची मुदत मेडिकलवरून ठरते, जास्तीत जास्त सहा महिने, म्हणून मेडिकल फार आधीही उरकू नका.

लसींचं मला सोपं गेलं. लहानपणीचं कार्ड आईने जपून ठेवलं होतं, हळदीचे डाग पडलेलं, तरी चाललं.

कुर्ल्याहून शेअर रिक्षा

फोन, स्मार्ट घड्याळ, पेन ड्राइव्ह काही आत नेता येत नाही. आमचे सासरे आमचे तीन फोन पिशवीत घेऊन बाहेर झाडाखाली बसले होते. जुलै होता, त्या दिवशी कुर्ल्यात गुडघाभर पाणी. कागद साध्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये होते म्हणून वाचले. आता मेट्रोचं बीकेसी स्टेशन झालंय, पावसाळ्यात तोच मार्ग बरा.

ब्रीच कँडीवाले काका

तुम्हा लोकांना बीकेसी तरी आहे. मी २००३ला गेलो तेव्हा वकिलात ब्रीच कँडीला लिंकन हाउसमध्ये होती, २०११पर्यंत तिथेच होती. पहाटे फुटपाथवर रांग, वर समुद्राचा खारा वारा. व्हिसाबरोबर एक जाड बंद पाकीट मिळालं, ‘उघडू नका’ अशी ताकीद देऊन, आणि एक्स-रेची मोठी फिल्म. ती फिल्म मी न्यूअर्कपर्यंत मांडीवर धरून नेली. आता म्हणे सगळं संगणकात पाठवतात.

देव पाण्यात

आमची मुलाखत चार मिनिटांची. उजवा हात वर करून शपथ, मग कंपनीचं नाव, काम काय, कुठल्या गावात, याआधी अमेरिकेत कधी होता. नवऱ्याने घोकलेल्या चाळीस प्रश्नांपैकी एकही नाही. पण कंपनीचं नोकरीचं पत्र जुनं होतं. साहेब म्हणाले, ही नोकरी आजही तुमच्यासाठी आहे असं ताजं पत्र पाठवा. हातात २२१जीचा, म्हणजे कागद अपुरे म्हणून केस थांबवल्याचा, कागद दिला.

घरी येऊन वेबसाइटवर केस नंबर टाकला तर ‘रिफ्यूज्ड’! सासूबाईंनी त्याच संध्याकाळी देव पाण्यात घातले. २२१जी असलं की तिथे तोच शब्द दिसतो, ही गोष्ट आम्हाला कुणीच सांगितली नव्हती. पत्र पाठवल्यावर सोळा दिवसांनी ‘इश्यूड’ झालं. पत्रावर पद, पगार आणि कामाचं ठिकाण हे आय-१४० मध्ये (कंपनीने आपल्यासाठी भरलेला अर्ज) आहे तसंच असू द्या, आणि पत्र मुलाखतीच्या जरा आधी नवं मागवा. एचआरला आठवण करताना संकोच करू नका, त्यांना आपण शंभरातले एक असतो.

कुवेतची सून

माझा जन्म कुवेतचा, वडील तिथे नोकरीला होते. नवरा ईबी-२ (दुसरी श्रेणी), जन्म सांगलीचा, म्हणजे भारताच्या लांबलचक रांगेत. रांग नागरिकत्वावर नाही, जन्माच्या देशावर लागते आणि जोडीदाराच्या जन्मदेशाचा फायदा घेता येतो, हे आम्हाला सहा वर्षांनी कळलं. सहा वर्षं! वकिलाला आम्ही माझा जन्मदाखला पहिल्याच दिवशी दिला होता. कोणी वाचला नाही. तुमच्या जोडीदाराचा जन्म आखातात, नेपाळात, कुठेही बाहेर असेल तर आजच विचारा.

हिशेबनीस, पुणे

धागाकर्ती ताई, लेकीचं सांगतो, आम्ही मुलाच्या बाबतीत हेच मोजलं होतं. २००२च्या कायद्याप्रमाणे, व्हिसाच्या तक्त्यात तुमचा नंबर लागला त्या महिन्याच्या पहिल्या तारखेचं तिचं वय घ्यायचं. त्यातून आय-१४० दाखल झाल्यापासून मंजूर होईपर्यंतचे दिवस वजा करायचे. उत्तर २१च्या आत हवं. नंबर लागल्यापासून वर्षाच्या आत तिच्यासाठी पुढचं पाऊल टाकलेलं हवं, डीएस-२६० भरलेला चालतो. आणि तिचं लग्न झालेलं नको.

गंमत बघा. ज्यांनी जादा पैसे भरून पंधरा दिवसांत आय-१४० मंजूर करून घेतला त्यांच्या पोरांना पंधराच दिवस मिळाले. आमचा अर्ज कुणाच्या तरी टेबलावर आठ महिने पडून होता. तेव्हा त्या माणसाला शिव्या घातल्या होत्या, आज त्याच्यामुळेच मुलगा आमच्याबरोबर आहे.

धागाकर्ती

रात्री साडेअकराला माळ्यावरून २०१३ची फाइल काढली. दाखल आणि मंजूर, दोन्ही तारखांच्या नोटिसा सापडल्या. नवऱ्याने कॅलेंडरवर मोजले, मी बोटांवर मोजले, मग लेकीने फोनवर मोजले. १४३ दिवस. आम्हाला नव्वदेक हवे होते. दोन्ही नोटिसांच्या प्रती तिच्या फोल्डरमध्ये वेगळ्या ठेवल्यात, विचारलं तर शोधाशोध नको.

लेकीला सांगितलं, व्हिसा वापरून तिकडे उतरेपर्यंत लग्नाचं नाव काढायचं नाही. ती म्हणाली, आई, मी सबमिशन लिहितेय.

नर्स ताई, एक राहिलं. माझ्याही लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं नाव अर्धंच आहे, वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर. तुमच्या राजपत्रात वडिलांचं नाव पूर्ण होतं का?