मंडळीच्या (चर्चच्या) पैशांचा हिशोब मागितला म्हणजे क्षमा केली नाही, असं होतं का?

नगरची_लेक:
सर्वांना प्रभूच्या नावात सलाम.

नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली आमची मंडळी. मी यंदा पंच कमिटीत आले. पावतीपुस्तक आणि पासबुक शेजारी ठेवून पाहिलं, तर हंगामाच्या सणाला दान आलेल्या वस्तूंच्या लिलावाचे पैसे बँकेत भरलेलेच नाहीत. त्या लिलावात एका विधवा आजीने आणलेली गावरान कोंबडी तीनदा बोलीवर चढली होती. घेणारा ती परत दान करायचा, की पुन्हा बोली सुरू. त्या तिन्ही पावत्यांची अर्धुकं पुस्तकात आहेत.

खजिनदार भाऊंनी लगेच कबूल केलं: मुलाच्या ऑपरेशनला वापरले. रविवारी ते वेदीपुढे गुडघ्यांवर आले. पाळकसाहेबांनी (आमच्या धर्मगुरूंनी) डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि जाहीर केलं, "प्रभूने क्षमा केली, विषय संपला." दानपेटीची किल्ली अजून भाऊंकडेच आहे. परतफेडीचं विचारलं तर मलाच ऐकवलं की, तुमच्या मनात कडूपणा आहे. मला भाऊंचा राग नाही. पण मी गप्प बसावं का?

शांतीप्रिय:
ताई, सोडून द्या. प्रभू येशूने आपला शिष्य पेत्र याला साताच्या सत्तर वेळा क्षमा करायला सांगितलं. आपण गावात मूठभर, बाहेर कळलं तर नाचक्की आपलीच.

जुना_पंच:
शांतीप्रिय भाऊ, पेत्राचा तो प्रश्न मत्तयाच्या शुभवर्तमानात १८व्या अध्यायात २१व्या वचनात आहे. त्याच अध्यायात १५ ते १७ वाचा. भावाने अपराध केला तर आधी एकांतात सांग, नाही ऐकलं तर एकदोघांना बरोबर घे, तरी नाही तर मंडळीला कळव. दोन्ही गोष्टी प्रभूनेच सांगितल्या, एकामागोमाग एक.

ताई, मला खटकलं ते वेगळंच. क्षमा केली कोणी? पैसे पाळकसाहेबांचे नव्हते. त्या आजीला कोणी विचारलं का? देवाची क्षमा जाहीर करणं हे पाळकाचं काम खरंच, पण आजीच्या वतीने रक्कम सोडून देण्याचा हक्क त्यांना कोणी दिला? बायबलच्या गणना पुस्तकात ५व्या अध्यायात नियमच आहे: पाप कबूल करायचं, घेतलेलं पूर्ण भरायचं आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा. जकातदार जक्कयाने तर चौपट परत करण्याची तयारी दाखवली, आणि त्याच्यावर प्रभू रागावलेला नव्हता, त्याच्या घरी पाहुणा आला होता.

हिशोब मागणं म्हणजे अविश्वास, हेही चूक. यरुशलेमेच्या गरिबांसाठी वर्गणी जमली तेव्हा प्रेषित पौलाने ती आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी भाऊ देऊन सांभाळायची व्यवस्था केली, कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून (२ करिंथ ८, म्हणजे करिंथकरांस दुसरे पत्र, अध्याय ८). पौलाला जे कमीपणाचं वाटलं नाही ते आपल्याला का वाटावं?

भाऊंकडून लेखी घ्या, झेपतील असे हप्ते ठरवा. किल्ली दुसऱ्याकडे द्या, बँकेत दोन सह्या ठेवा, दानार्पण दोघांनी मिळून मोजायचं. मंडळीचा ट्रस्ट १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेला असेल तर हिशोब तपासून घेणं तसंही बंधनकारक आहे.

आणि कमिटीला एक विचारा. भाऊंचा मुलगा दवाखान्यात होता तेव्हा मंडळीने खास दानार्पण का काढलं नाही? त्यांना उघड मागायची लाज वाटली, तर ती लाज कोणी आणली?

लेकुरवाळी:
माझ्या वडिलांकडून असंच झालं होतं. त्यांनी सगळं फेडलं. पण फेडल्यावरही आमच्या घरी कोणी प्रार्थनेला आलं नाही, आणि वडील उपासनेला जायचेच थांबले. पौल २ करिंथ २ मध्ये सांगतो, झाली ती शिक्षा पुरे, आता त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखाने खचून जाईल. आमच्याकडे ते वचन कोणी वाचलंच नाही. ताई, किल्ली घ्याल त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन बसा. वहिनींशी बोला. या भानगडीत त्यांच्याशी बोलायचं सगळे टाळत असणार.

नगरची_लेक:
तुम्हा सगळ्यांचे आभार. उद्या आधी भाऊंकडेच जाते, मी आणि आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई. त्यानंतर पाळकसाहेबांकडे. जुना_पंच काका, बँकेतल्या सह्या बदलायला कमिटीचा ठराव पुरतो का?

जुना_पंच:
ठरावाची प्रत लागेलच. बाकी कागद बँकेत विचारून घ्या. ठरावात भाऊंचं कारण लिहू नका, "व्यवस्थेत बदल" एवढंच पुरे.