अंगठ्याची कंडरा तुटली, त्यात मनगटात एक स्नायूच नाही. कोणती शस्त्रक्रिया करावी? (मदत हवी आहे)

सुईदोरा

नमस्कार. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं. थोडं लांबेल.

पडल्यामुळे उजव्या मनगटाचं हाड मोडलं. हाड जागचं हललं नव्हतं, नुसती चीर होती, त्यामुळे पाच आठवडे प्लास्टर आणि काम झालं असं सगळेच म्हणाले. प्लास्टर निघालं, हात हलका वाटायला लागला. सातव्या आठवड्यात कापड बेतायला बसले, कात्री मिटली आणि पुन्हा उघडेचना. बारीकसं काहीतरी सुटल्यासारखं जाणवलं, पण दुखलं म्हणावं असं नाही. अंगठा आत वळतो, चिमटीत सुई धरता येते, पण वर उचलायचा म्हटलं की तो लोंबतोच. याला आता तीन आठवडे झाले.

डॉक्टरांनी अंगठा उचलणारी लांब कंडरा, म्हणजे स्नायूचा दोर, तुटल्याचं सांगितलं. टोकं झिजली आहेत, नुसतं शिवून जमणार नाही. दोन वाटा आहेत. एक, दुसरीकडून कंडरेचा तुकडा काढून मध्ये जोडायचा. दोन, तर्जनीची एक कंडरा सोडवून अंगठ्याला लावायची. तुकड्यासाठी त्यांनी माझं मनगट वाकवून पाहिलं आणि सहज म्हणाले, "या हातात पामारिस नाहीच तुमच्या." पामारिस म्हणजे मनगटाकडचा एक स्नायू, त्याचीच कंडरा तुकड्यासाठी हवी होती. डाव्या हातात आहे म्हणे.

तेव्हापासून डोक्यात तेच. हा स्नायू प्लास्टरमध्ये वाळून गेला का? माझ्यात काही व्यंग आहे का? आणि शिवणकाम हेच माझं काम. चांगल्या तर्जनीतलं काढून अंगठ्याला द्यायचं म्हणजे एकाचं दोन बोटांवर जाणार नाही ना? घरात तर "नस तुटली" म्हणून सगळे हवालदिल आहेत.

निवांत

ताई, घाई करू नका. माझ्या ओळखीत एकाचा अंगठा नुसत्या मालिशने आणि व्यायामाने सुटला. चिरफाड शेवटी.

लंबक

निवांत, तुमच्या ओळखीतल्यांचा अंगठा आखडला असेल, तुटला नसेल. तुटलेल्या कंडरेचं वरचं टोक स्नायू आखडतो तसं मागे सरकतं. दोन टोकांत अंतर पडल्यावर मालिश कशाला करणार? व्यायामाने स्नायूला बळ येईल, पण दोरच नसेल तर घंटा वाजायची नाही. मी हाताच्या रुग्णांची फिजिओथेरपी करतो, म्हणून थोडं ठामपणे लिहितोय.

सुईदोरा, एक करून बघा. तळवा टेबलावर सपाट टेकवा आणि बोटं न हलवता फक्त अंगठा छताकडे उचला. ही हालचाल तीच एक कंडरा करते. अंगठ्याचं नुसतं शेवटचं पेर सरळ होतंय का, यावर जाऊ नका. तळहातातले छोटे स्नायू ते थोडंफार करून देतात आणि माणूस फसतो.

सुईदोरा

केलं. डावा अंगठा टेबलावरून चांगला वर जातो. उजवा तसूभर नाही.

कवटी

शरीररचनाशास्त्र शिकवते, शस्त्रक्रिया करत नाही. तेवढं लक्षात ठेवून वाचा.

आधी "नस" बाजूला ठेवूया. आपल्या बोलण्यात रक्तवाहिनी, मज्जातंतू आणि कंडरा या तिघींना नस म्हणतात, आणि घरचे लोक त्यातला सर्वांत भयंकर अर्थ घेतात. तुमची तुटलीय ती कंडरा, म्हणजे स्नायू आणि हाड यांना जोडणारा दोर. संवेदना वाहून नेणारा मज्जातंतू नव्हे.

हाड हललंही नाही तरी कंडरा का तुटावी? मनगटाच्या मागच्या बाजूला हाडाला एक छोटा उंचवटा असतो, लिस्टरचा उंचवटा म्हणतात. अंगठ्याची ही कंडरा त्याला वळसा घालून जाते, रहाटाच्या चाकावरून दोर वळावा तशी, आणि तीही एका अरुंद बोगद्यातून. मोठ्या मोडीत बोगद्याचं छत बहुधा फाटतं. तुमच्यासारख्या साध्या चिरेत छत शाबूत राहतं, आत रक्त साचतं, सूज येते, कंडरेला होणारा रक्तपुरवठा दबतो. वर खरखरीत हाडावर घासणं आहेच. मग काही आठवड्यांनी, एखाद्या क्षुल्लक हालचालीत ती तुटते. तुमची कात्री ते निमित्त झाली, कारण नव्हे.

आता पामारिस लाँगस. प्लास्टरने तो वाळला नाही, तो जन्मतःच नाही. अंगठा आणि करंगळी यांची टोकं जुळवून मनगट किंचित आत वाकवलं की मधोमध एक दोरी उठते, ती पामारिसची. पाश्चात्त्य पुस्तकांत साधारण 100 पैकी 15 जणांच्या निदान एका हातात तो नसतो असं लिहिलेलं असतं. पूर्व आशियाई लोकांत हे प्रमाण बरंच कमी आहे. एका हातात असणं आणि दुसऱ्यात नसणं हेही नेहमीचंच. ज्यांना नाही त्यांची मूठ त्यामुळे दुबळी असते असं आढळलेलं नाही. आजवर कधी अडलं का तुमचं? डॉक्टरांनी सांगेपर्यंत पत्ताही नव्हता ना! याला व्यंग म्हणत नाहीत, आम्ही "भेद" म्हणतो.

शवविच्छेदनाच्या टेबलावर उभं राहिलं की पुस्तकातलं शरीर हे कुणाचंच शरीर नाही हे कळतं. पोटाच्या मागच्या भिंतीतला सोअस मायनर तर जवळपास निम्म्या लोकांत नसतोच. पोटरीतल्या प्लांटारिसची बारीक लांब कंडरा पहिल्या वर्षाची मुलं हमखास मज्जातंतू समजून "सापडला, सापडला" करतात.

हा घोटाळा शिकणाऱ्या मुलांपुरता राहिला तर हसण्यावारी जातो. पामारिसच्या अगदी खाली हाताचा मुख्य मज्जातंतू असतो, मीडियन. पामारिस नसलेल्या मनगटात तोच कंडरा समजून काढला गेल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. तुमच्या डॉक्टरांनी चाकू हातात घेण्याआधी मनगट वाकवून पाहिलं, ही त्यांच्याबद्दल चांगलीच गोष्ट आहे.

डावखुरा

+१. कवटी, प्रतिसाद वाचनखुणेत टाकला.

ताई, माझं अगदी हेच झालं होतं, डाव्या हाताचं. तर्जनीची कंडरा अंगठ्याला लावली. फक्त हात बधिर केला होता, मी जागा होतो. टाका पक्का करण्याआधी सर्जन म्हणाले, "आता अंगठा उचला." मग म्हणाले, "खाली." दोन-तीनदा ताण कमीजास्त करून मग बांधलं. स्वतःचा अंगठा उठताना पाहून मी जे काही ओरडलो ते इथे लिहिता येणार नाही.

सुईदोरा

कवटी, रडू आलं वाचताना, बरं वाटून. डावखुरा, तर्जनीचं काय झालं ते सांगा ना. मला तिचीच भीती आहे.

डावखुरा

मूठ मिटून एकटी तर्जनी उचलताना किंचित जोर कमी वाटतो. मी मुद्दाम तपासतो म्हणून कळतं. एरवी विसरून जातो.

लंबक

त्याचं कारण साधं आहे. तर्जनी उचलायला दोन कंडरा असतात. एक चारही बोटांच्या सामाईक स्नायूकडून येते, दुसरी तर्जनीची स्वतःची. काढतात ती स्वतःची. सामाईक तिथेच राहते. शिवाय सुई धरणं, कापड दाबणं, दोरा ओढणं हे बोट वाकवणाऱ्या स्नायूंचं काम आहे, ते दुसऱ्या बाजूला आहेत आणि त्यांना कुणी हात लावत नाही.

माझा कल तर्जनीच्या वाटेकडे आहे. तुकडा जोडायचा तर दोन ठिकाणी जोड येतो आणि दोन्हीकडे चिकटण्याची शक्यता. त्या तुकड्याला सुरुवातीला स्वतःचा रक्तपुरवठाही नसतो. कंडरा तुटून जितके दिवस जातील तितका मूळ स्नायू आखडून ताठर होतो आणि तुकडा जोडूनही तो नीट ओढत नाही. तर्जनीकडून मात्र चालता स्नायूच मिळतो, आणि जोड एकच. तुमच्या बाबतीत आणखी एक व्यवहारी मुद्दा. पामारिस डाव्या हातातून काढला तर काही दिवस दोन्ही हातांना पट्ट्या. वेणी कोण घालणार?

तुकड्याच्या वाटेला मी नावं ठेवत नाही. बेसबॉलपटू टॉमी जॉनच्या कोपरातला अस्थिबंध 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी दुसऱ्या हाताच्या पामारिसनेच बांधून दिला आणि तो पुढे बरीच वर्षं चेंडू फेकत राहिला. पण तिथे बदलायचा होता तो नुसता बंध. तुमच्याकडे मागून ओढणारा स्नायूही ताजा हवा.

कवटी

लंबकशी सहमत, एका शेपटासह. तर्जनीच्या त्या स्वतंत्र कंडरेतही भेद असतात. कुणात ती दुहेरी असते, क्वचित नसतेही. थोड्या लोकांत तळहाताच्या मागे एक जादा छोटा स्नायू असतो. तो फुगीर दिसतो म्हणून लोक गाठ समजून दाखवायला येतात, आणि अशांपैकी काहींमध्ये तर्जनीची नेहमीची कंडरा नसते. सुईदोरा, बाकी बोटं मुठीत ठेवून एकटी तर्जनी उठते का? हाताच्या मागे बोट ताणल्यावर काही फुगतं का?

सुईदोरा

उठते, छान उठते. फुगत काही नाही.

कवटी

उत्तम. ही पक्की खात्री नव्हे, कारण काहींची सामाईक कंडराही एकटी बोट उचलू शकते. उघडल्यावरच कळतं. म्हणून डॉक्टरांना इतकंच विचारा: आत ती कंडरा नसली किंवा फार बारीक निघाली तर पुढची योजना काय, आणि तुकडा लागलाच तर कुठून घेणार? संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारा, टेबलावर झोपल्यावर नको.

सुईदोरा

खूप दिवसांनी धागा वर काढतेय, रागावू नका.

तर्जनीचीच वाट घेतली. डॉक्टरांना कवटींचा प्रश्न विचारला, ते हसले आणि कागदावर चित्र काढून दाखवलं: तसं झालं तर डाव्या हाताचा पामारिस. लागला नाही. कंडरा जागेवर होती, एकच, चांगली जाड. छोटे तीन छेद, तर्जनीच्या मुळाशी, मनगटावर आणि अंगठ्यामागे. मग चार आठवडे अंगठा वर करून पट्टीत.

पट्टी निघाल्यावर फिजिओथेरपीच्या ताईंनी सांगितलं, "अंगठा उचला." मी उचलत होते, म्हणजे मनातल्या मनात. अंगठा हललाच नाही. सगळं फुकट गेलं असं वाटलं. त्या म्हणाल्या, "अंगठा विसरा. समोर काय आहे ते बोट दाखवून सांगा." मी खिडकी दाखवायला गेले आणि अंगठा उठला.

कात्री अजून हातात घेतलेली नाही, जोराची कामं तीन महिन्यांपर्यंत नकोत म्हणाल्यात. एकच शंका. आता कुणाला काही दाखवायला गेले की अंगठाही सोबत उठतो. हे असंच राहणार का?

डावखुरा

नाही. महिन्या-दीड महिन्यात तो आपलं आपण उठायला लागेल. मी तोवर दिशा विचारणाऱ्यांना मानेनेच सांगत होतो.